शुभेच्छांचा व्यवसाय आणि त्याची नीति

पुणें जिल्ह्यांत, शिरूर तालुक्याच्या दक्षिण अंगास व दौंड तालुक्याच्या शिवेजवळ मांडवगण फराटा नांवाचें गांव आहे. मुलूख उंसाचा व कांद्याचा. अशा कोणत्याहि मोठ्या गांवाच्या चौकांत हल्लीं घटकाभर उभें राहिलें तर वाचावयास मजकूर पुष्कळ सांपडतो. कोणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, कोणाच्या निवडीबद्दल अभिनंदन, कोणा वृद्धाच्या निधनाबद्दल 'भावपूर्ण श्रद्धांजली', दुकानाच्या भिंतीवर धीर देणारें एखादें वाक्य, आणि शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार. वाटसरू हें सर्व नजरेखालून घालतो व आपल्या वाटेनें जातो. हा मजकूर कोणी तरी बसून लिहिलेला असतो, हें त्याच्या मनांतहि येत नाहीं. फ्लेक्सवर शुभेच्छुकांचीं पंचवीस-तीस नांवें असतात. लिहिणाराचें नांव कोठेंच नसतें.

साहित्याच्या दरबारांतहि या माणसाला जागा नाहीं. दिवाळी अंकांत कविता छापणारा तो कवि, आणि पाडव्याच्या शुभेच्छापत्रावर चार ओळी लिहून देणारा तो कारागीर. टीकाकार अनुदार असला तर त्याला भाटहि म्हणेल. हा मानापमानाचा वाद आम्हांस येथें माजवावयाचा नाहीं. त्या चार ओळींस काव्य ठरविण्याचा आमचा हट्टहि नाहीं. आमच्यापुढें आहे तो प्रश्न नीतीचा आहे, आणि तो आमच्यापुढें आणला याच व्यवसायांत आयुष्याचीं पुष्कळ वर्षें घालविलेल्या एका गृहस्थांनीं. शुभेच्छापत्रांवरील ओळी, लग्नपत्रिकांतील दोन-दोन चरण, दिनदर्शिकेवरील सुविचार असें सर्व त्यांनीं ओळीमागें ठरलेल्या दरानें लिहून दिलें. एकदां बोलतां बोलतां ते म्हणाले, "माझें वाक्य हजारों घरीं गेलें, पण मीं स्वतः तें कोणालाच पाठविलें नाहीं. ज्याला मुलगा झाला त्याला मी ओळखत नव्हतों. जो वारला त्याचें तोंड मीं पाहिलें नव्हतें. मग इतकीं वर्षें मी खोटें बोललों कीं काय?" त्यांनीं हा प्रश्न हंसत विचारला, पण तें हंसूं शेवटपर्यंत टिकलें नाहीं, म्हणून आम्हीं तो थट्टेवारी नेला नाहीं.

लिहिणाराला स्वतः ती भावना झालेली नसते, हा त्याच्यावरील पहिला आक्षेप. दिसावयास तो सबळ दिसतो. पण तो मान्य केला तर जगांतील अर्धे व्यवहार खोटे ठरतील. उपाध्याय मंगलाष्टकें म्हणतो तेव्हां वधूवरांविषयीं त्याच्या अंतःकरणांत प्रेमाचा पूर लोटलेला असतो असें नाहीं. वकील अशिलाची बाजू मांडतो तेव्हां तो स्वतः नागवला गेलेला नसतो. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका मराठी घरांतील मुलांस ठाऊक आहे. महाराजांनीं सांगितलेलें एक पत्र लिहावयाचें राहून गेलें होतें. वाचून दाखवा अशी आज्ञा होतांच चिटणिसांनीं कोरा कागद पुढें धरून सबंध पत्र, जणूं लिहिलेलेंच आहे असें, घडाघड वाचून दाखविलें. आख्यायिका खरी असो वा नसो, ती लोकांनीं जपून ठेविली, आणि ती कोणत्या गुणासाठीं जपली हें पाहण्यासारखें आहे. चिटणिसाच्या अंगीं राजाची भावना होती असें ती सांगत नाहीं. आपण कोणाच्या तोंडानें बोलत आहों हें तो पुरतें जाणत होता, एवढेंच ती सांगते.

तोच गुण, लहान प्रमाणावर, मुंबईच्या मोठ्या पोस्टाबाहेर बसणाऱ्या पत्रलेखकांच्या अंगीं होता. घाटावरून व कोंकणांतून गिरण्यांत कामास आलेल्या कितीएकांस अक्षरओळख नव्हती. इ. स. १८८० पासून सरकारी टपालानें मनीऑर्डर पोहोंचूं लागली, आणि त्या फॉर्माच्या कुपनावर दोन-चार ओळींपुरती जागा असे. पैसे पाठविणारा समोर उकिडवा बसे आणि पत्रलेखक त्याला विचारी, "काय लिहूं?" उत्तर बहुधा ठरलेलेंच असे. मी खुशाल आहें, काळजी करूं नये, म्हाताऱ्या आईला औषध द्यावें, उरलेल्या पैशांतून सावकाराचें व्याज भागवावें. दिवसाकाठीं अशीं चाळीस कुपनें लिहिणारा मनुष्य चाळीस वेळां खोटें बोलला, असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. त्याला आई आठवत नव्हती, हें खरें. पण ज्याला आठवत होती तो समोर बसला होता.

आमच्या त्या परिचितांची खरी अडचण आम्हांस येथें दिसते. भावना नसणें ही ती नव्हेच. "काय लिहूं?" हें विचारावयास त्यांच्यासमोर कोणी बसलेलें नव्हतें, ही ती अडचण. त्यांचें वाक्य ज्याच्या तोंडीं जावयाचें तोहि अनोळखी, आणि ज्याच्या कानीं पडावयाचें तोहि अनोळखी. छापखाना मध्यें आला आणि एका माणसासाठीं लिहिण्याचें काम सर्वांसाठीं लिहिण्याचें झालें.

तर मग सर्वांसाठीं एकच शब्द हीच लबाडी कीं काय? तसेंहि आम्हांस वाटत नाहीं. आणि याविषयीं मांडवगणच्या शेजारीं जो पुरावा भुईंतून निघाला आहे तो पुस्तकी तर्कापेक्षां अधिक बोलका आहे. याच शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें इ. स. १९६८ पासून सुमारें पंधरा वर्षें उत्खनन केलें, आणि इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची वसाहत उजेडांत आणली. हे लोक आपलें वारलेलें मूल गांवाबाहेर नेत नसत. दोन रांजणांची तोंडें एकमेकांस भिडवून, त्यांत तें मूल ठेवून, तीं राहत्या घराच्या जमिनीखालींच पुरीत. जवळ लहान भांडीं ठेवीत. प्रौढांचे पाय घोट्यांखालीं तोडून मग त्यांस पुरीत; मेलेल्यानें भूत होऊन हिंडूं नये असा त्यांत हेतु असावा असा तर्क आहे. त्यांना लिपि नव्हती. दुःख सांगावयास जें कांहीं होतें तें हेंच, आणि तें घरोघर सारखें होतें. म्हणून काय त्या आया रडल्या नसतील? प्रत्येक आईनें आपल्या मुलासाठीं रांजणांचा नवा घाट शोधून काढला नाहीं. ठरलेला घाट तयार होता, म्हणूनच त्या रात्रीं हात चालले असतील.

दुःख व आनंद यांच्या वेळीं माणसाला शब्द सुचत नाहींत. तेव्हां समाज त्याला आपले शिल्लक ठेविलेले शब्द उसने देतो. पत्राचे मायने हे असेच उसने शब्द. देवगिरीच्या यादवांचे प्रधान हेमाद्रि यांच्या नांवावर पत्रलेखनाची जी 'मेस्तक' पद्धति सांगतात तींत वडिलांस कसें लिहावें, बरोबरीच्यास कसें लिहावें, हें सर्व ठरवून दिलेलें आहे. आपल्या तारखात्यानेंहि हेंच केलें. अभिनंदनाच्या तारांसाठीं त्यानें ठराविक वाक्यें क्रमांक घालून ठेविलीं होतीं. दिवाळीचें एक, ईदेचें एक, नव्या वर्षाचें एक, नवदांपत्यास दीर्घ व सुखी संसार चिंतणारें एक. पाठविणारानें नुसता क्रमांक लिहावा. पलीकडच्या कचेरींत वाक्य उमटे. इ. स. २०१३ च्या जुलैंत तारेचें तें खातें कायमचें बंद झालें. पण तें चालू होतें तोंवर लग्नघरीं आलेली तार कोणी तुच्छतेनें बाजूस टाकली नाहीं. वाक्य सरकारी आहे हें सर्वांस ठाऊक असे; परंतु दूरच्या गांवीं कोणी तरी ही तिथि ध्यानांत ठेविली, कचेरीपर्यंत पायपीट केली आणि खिशांतून पैसे काढले, हें त्या वाक्यापेक्षां मोठें होतें.

छापील नाताळपत्राच्या जन्माची हकीकतहि येथें उपयोगी पडते. लंडनमध्यें हेन्री कोल नांवाचे एक कामसू गृहस्थ होते. पेनी टपाल सुरू करण्याच्या खटपटींत त्यांचा हात होता, आणि टपाल स्वस्त झाल्यावर नाताळांत येणाऱ्या पत्रांचा ढीग पाहून तेच घाबरले. सर्वांना उत्तरें लिहिण्यास सवड नाहीं, म्हणून इ. स. १८४३ मध्यें त्यांनीं जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक पत्र काढून घेऊन छापविलें. राहिलेल्या प्रती एक शिलिंगला एक याप्रमाणें विकावयास ठेविल्या. मधल्या चित्रांत कुटुंबांतील मंडळी मद्याचे पेले उंचावीत आहेत, म्हणून मद्यपाननिषेधकांनीं त्यावर टीका केली. आमचें लक्ष मात्र त्या चित्रापेक्षां त्याच्या दोन टोकांकडे जातें. वरच्या बाजूस पाठविणारानें दुसऱ्याचें नांव लिहावयाची कोरी जागा आहे, आणि खालीं स्वतःचें. जगांतलें हें पहिलें विकाऊ नाताळपत्र, आणि त्यांत सर्वांत महत्त्वाचें तें छापलेलेंच नाहीं!

आपला उखाणा याच जातीचा आहे. चरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, शेजारणीनें कानांत सांगितलेले, किंवा हल्लींच्या काळीं छापील पुस्तिकेंतून पाठ केलेले. परंतु त्यांत एक जागा रिकामी असते. तेथें नांव घालावयाचें असतें, आणि तें घालतांना नव्या नवरीचा आवाज बारीक होतो. सारी स्वयंपाकघरें तेवढ्यासाठींच कान देऊन बसलेलीं असतात. कोणी असें म्हणत नाहीं कीं, चरण उसने आहेत, तेव्हां लाजहि उसनीच असेल.

आमच्या मतें या व्यवसायाची नीति या रिकाम्या जागेंत आहे. दुसऱ्याच्या वतीनें लिहिणारानें आपलें वाक्य असें करावें कीं त्यांत पाठविणाराला कांहीं तरी करावयाचें, आठवावयाचें, लिहावयाचें उरेल. अमेरिकेंत मातृदिनाचा पायंडा पाडणाऱ्या ॲना जार्व्हिस यांनीं इ. स. १९०८ मध्यें हा दिवस प्रथम साजरा करविला. १९१४ मध्यें त्याला राष्ट्रीय मान्यता मिळाली. आणि पुढचें सारें आयुष्य, १९४८ मध्यें मृत्यु येईपर्यंत, त्यांनीं त्याच दिवसाच्या बाजाराशीं भांडण्यांत घालविलें. आईला चार ओळी हातानें लिहिण्याचा आळस म्हणजे छापील पत्र, असें त्या म्हणत. मुलाच्या बाबतींत त्यांचें म्हणणें आम्हांस अक्षरशः पटतें. पण तो आळस पत्र लिहिणाराच्या पदरीं बांधणें न्यायाचें नव्हे. त्यानें जागा ठेविली होती कीं नाहीं, एवढेंच त्याला विचारतां येईल.

आणि जागा ठेवणें दिसतें तितकें सोपेंहि नाहीं. आमच्या त्याच परिचितांस एकदां सांत्वनपत्राचा मजकूर सांगितला होता. आठ ओळी हव्या होत्या. त्यांनीं पुष्कळ कागद फाडले. आत्म्याची अमरता, काळाचें औषध, ईश्वरी इच्छा हें सर्व लिहून पाहिलें आणि खोडलें. कारण मूल गेलेल्या बापाच्या हातांत हें पत्र पडलें तर, या विचारानें त्यांचा हात थांबे. अखेर त्यांनीं 'आम्हांस कळलें' एवढे दोनच शब्द लिहिले आणि खालचा कागद कोरा सोडला. प्रकाशकानें शब्द ठेविले, पण पत्र रिकामें दिसतें म्हणून कोऱ्या जागेवर पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ छापला. लिहावयास जागा उरली नाहीं.

चौकांतल्या फ्लेक्सवर तर ती जागा मुळींच नसते. आणि येथें दोष निराळाच आहे. 'आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असें वाक्य एकाला उद्देशून असतें, पण फलकाचें तोंड रस्त्याकडे असतें. ज्याचा वाढदिवस तो वाचक नव्हेच; वाचक म्हणजे येणारे-जाणारे, म्हणजे मतदार. पूर्वींचें मानपत्र तरी काय निःस्वार्थी होतें? तेंहि स्तुतीनें ओथंबलेलें असे, आणि तेंहि कोणी तरी मास्तर किंवा संपादक पडद्याआड बसून लिहून देई. पण तें भरसभेंत त्या माणसासमोर वाचावें लागे. स्तुति फारच झाली तर तो मान खालीं घाली आणि मागच्या बाकांवरील मंडळी एकमेकांकडे पाहत. या लाजेचा लगाम फ्लेक्साला नाहीं. श्रद्धांजलीच्या फलकावर मृतापेक्षां शोक करणारांचीं तोंडें मोठीं असलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. हा दंभ गिऱ्हाइकाचा. लिहिणाराचा त्यांत वांटा असलाच तर मजुरीपुरता. तरी मजुरीपुरता वांटा म्हणजे वांटा नव्हे, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं.

येथपर्यंत झालें तें दुसऱ्याच्या वतीनें बोलण्याविषयीं. सुविचार लिहिणाराची गोष्ट याहून कठीण आहे. तो कोणाच्या वतीनें बोलत नाहीं; तो थेट वाचकाला बोलतो, आणि बहुधा वाचक खचलेला असेल अशाच वेळीं बोलतो. शुभेच्छा फसली तर फार तर कोरडी वाटते. धीराचें वाक्य फसलें तर तें जखम करतें.

'स्लोगन' हा इंग्रजी शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेंतील 'फौजेची आरोळी' अशा अर्थाच्या जोडशब्दापासून आला आहे. 'हर हर महादेव' ही आपल्याकडची तशीच आरोळी. आरोळी देणारा स्वतः त्या धांवेंत असे. जी तरवार पुढच्याच्या डोक्यावर पडावयाची ती त्याच्याहि डोक्यावर पडूं शकत असे. आरोळीचा अधिकार तेथून येतो. गाडगे महाराज (इ. स. १८७६–१९५६) गांवांत शिरले कीं आधीं खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्रीं कीर्तनांत स्वच्छतेचें बोलत. श्रोत्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. त्यांच्या उपदेशाचा कोणालाहि राग येत नसे, कारण सकाळीं खराटा सर्वांनीं पाहिलेला असे. इ. स. १९४२ मध्यें नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं शिका, चळवळ करा, संघटित व्हा असें सांगितलें. त्या शब्दांत यशाची हमी कोठेंच नाहीं, नुसतें काम नेमून दिलें आहे, आणि तें काम सांगणारानें स्वतः अंगावर घेतलेलें होतें. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही सरकारी घोषणाहि आम्हांस प्रामाणिक वाटते. तिचा कर्ता कोण हें कोणास आठवत नाहीं. पण ती वाचून मनुष्य निदान बांध घालावयास जाऊं शकतो.

याच्या उलट भिंतीवरचें नेहमींचें वाक्य घ्या. कष्ट करणाराला फळ मिळतेंच. अपयश येतें तें प्रयत्न अपुरे पडतात म्हणून. दिसावयास निरुपद्रवी. इ. स. २०२३ च्या फेब्रुवारींत बार्शी तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें सोलापूरच्या बाजारांत ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव मिळाला, आणि हमाली, तोलाई व गाडीभाडें वजा जातां त्याच्या हातीं पडला तो २ रुपयांचा धनादेश; तोहि पुढील तारखेचा. शिरूर-दौंडकडील कांदा पिकविणाराला ही हकीकत समजावून सांगावी लागत नाहीं. आतां या मनुष्यानें घरीं परततांना तें वाक्य वाचलें अशी कल्पना करा. तें वाक्य त्याला काय सांगतें? तुझे कष्ट कमी पडले, असें सांगतें. भाव पडला, निर्यातीचें धोरण बदललें, आवक एकदम वाढली, यांतलें कांहीं त्या वाक्यांत मावत नाहीं. हरलेल्या माणसाच्या हरण्याचें कारण तोच आहे, असा निकाल तें वाक्य देतें, आणि वर त्याला उत्तेजन असें नांव घेतें. लिहिणाराच्या मनांत हा क्रूरपणा नव्हता हें आम्ही जाणतों. कोणासाठीं लिहीत आहों हें ठाऊक नसतां निकाल देणें, एवढाच त्याचा अपराध. पण न्यायासनावर बसलेल्यानें तो केला असता तर आम्हीं त्याला क्षमा केली नसती.

मग सुविचार लिहूंच नयेत कीं काय, असें आमच्या त्या परिचितांनीं आम्हांस विचारलें. त्यांच्यापुढें तेव्हां एका दिनदर्शिकेचें काम होतें. दिवसाला एक याप्रमाणें ३६५ सुविचार. आम्हीं त्यांस एवढेंच म्हटलें कीं, जें वाक्य आपण ओटीवर बसलेल्या दुःखी माणसाच्या तोंडावर म्हणूं शकाल तें लिहा, बाकीचीं सोडा. त्यांनीं या कसोटीवर आपलें बाड तपासावयास घेतलें. काम सांगणारीं वाक्यें टिकलीं, हमी देणारीं बहुतेक गळलीं. नंतर त्यांस आणखी एक गोष्ट सुचली, जी आम्हांस सुचली नव्हती. दिनदर्शिकेचें पान एकाच दिवशीं सगळ्या घरांत उलटतें. ती तारीख कोणती कां असेना, त्या हजारों घरांपैकीं कोठें तरी त्या दिवशीं तिरडी बांधली जात असते, कोठें मुलगा परीक्षेंत नापास झालेला असतो, कोठें बँकेची नोटीस आलेली असते. आणि पान मात्र सर्वांना सारखेंच हंसतें. हें मनांत आल्यावर त्यांच्याच्यानें साडेतीनशेंचा आंकडा पुरा होईना.

त्यांनीं प्रकाशकाकडे जाऊन, महिन्यांतून पांच-सहा दिवस सुविचारावांचून सोडावे, त्या चौकोनांत नुसती रेघ असावी, अशी सूचना केली. प्रकाशक प्रथम चिडला. कोऱ्या कागदाचे पैसे कोण देईल, असें तो म्हणाला. थोडा विचार करून त्यानें कबुली दिली. मात्र महिन्यांतून पांच-सहा नव्हे, प्रत्येक तारखेखालीं तशी जागा ठेवावी, सुविचार बारीक टाइपांत एका कडेला घ्यावे, असें ठरविलें. ज्या दिनदर्शिकांवर दुधाचा हिशेब लिहावयास जागा असते त्या अधिक खपतात, असा त्याचा अनुभव होता. ती दिनदर्शिका निघाली. आम्हीं ती एका घरीं वर्षाअखेर पाहिली. दुधाचे आंकडे तर होतेच. त्याशिवाय गॅसची टांकी लावल्याची तारीख, गाय व्याली तो दिवस, कोणाचें तरी ऑपरेशन, आणि ऑगस्टांतील एका चौकोनांत पेन्सिलीनें लिहिलेलें 'आई', एवढेंच.